काळ्या जादूची किंमत: वरदान आणि शाप ठरवताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत कथा रंगवायच्या खेळाच्या टेबलावर एका खेळाडूचा विझार्ड, म्हणजे जादूगार, थडग्यातलं प्रेत उठवतो आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, सांगतो, "तुझे डोळे लाल झाले." पुढच्या सेशनला ते डोळे कुणालाच आठवत नाहीत. बरेच शाप असेच वाया जातात, कारण ते कृत्यातून उगवलेले नसतात, वरून चिकटवलेले असतात.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय रेव्हनलॉफ्टचा आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या याच खेळासाठीच्या १९८३ च्या साहसातून, म्हणजे तयार कथानकातून, हे भयविश्व आलं आणि १९९० मध्ये त्याची स्वतंत्र सेटिंग, म्हणजे खेळायचं जग, झाली. तिथे पात्राने दुष्कृत्य केलं की टक्केवारीचा फासा पडतो. अदृश्य काळ्या शक्तींचं लक्ष गेलंच, तर त्या पात्राला काहीतरी देतात आणि काहीतरी हिरावूनही घेतात. हे पायरीपायरीने वाढत जातं आणि शेवटी पात्र खेळाडूच्या हातून सुटून डीएमचं होतं. वरदान आणि शापाची ही जोडी तोडणं ही सगळ्यात मोठी चूक. नुसता शाप दिला तर ती शिक्षा होते आणि खेळाडू त्या वाटेला पुन्हा जात नाही. नुसतं वरदान दिलं तर काळी जादू आणि साधी जादू यांत फरकच राहत नाही.

जोडी जुळवायला आपण लहानपणापासून ऐकलेल्या कथा फार उपयोगी पडतात. कर्णाने परशुरामांपासून खरी ओळख लपवून विद्या घेतली. शापही त्या विद्येलाच लागला, ऐन वेळी ती आठवणार नाही असा. ययातीला शुक्राचार्यांनी म्हातारपणाचा शाप दिला, पण दुसरा कुणी राजीखुशीने घेत असेल तर ते त्याला देता येईल अशी सवलतही दिली. त्या सवलतीनेच बापाला मुलांपुढे तारुण्य मागायला उभं केलं. टेबलावर नेमकं हेच हवं: सुटकेची वाट असावी, पण त्या वाटेवर पाऊल टाकताना खेळाडूचा जीव कासावीस व्हावा.

आता आपल्या विझार्डकडे परत येऊ. वरदान: प्रेताला स्पर्श केला की मेलेल्याचा शेवटचा विचार त्याला ऐकू येतो. शाप: प्रत्येक वेळी ओळखीच्या एका जिवंत माणसाचा आवाज त्याला कायमचा ऐकू येईनासा होतो. कुणाचा, हे खेळाडूनेच ठरवायचं. खून कुणी केला हे कळण्यासाठी धाकट्या बहिणीचा आवाज द्यायचा का, या प्रश्नावर अख्खं टेबल गप्प होतं. मेलेल्यांची शांतता मोडणाऱ्याला जिवंत माणसं मुकी होतात, म्हणून हा शाप त्या कृत्याला शोभतो.

आकड्यांचे शाप शक्यतो टाळा. वीस बाजूंच्या फाशावर उणे एक म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. तो कुणाला जाणवतही नाही. उलट कायमचा डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा) दिलात तर जिथे अकरा किंवा जास्त हवेत तिथे यशाची शक्यता पन्नासवरून पंचवीस टक्क्यांवर येते. त्यातून भीती निर्माण होत नाही, खेळाडू फक्त चिडतो.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत आणखी एक अडचण येते. क्लेरिक (देवाचा पुजारी) आणि विझार्डला पाचव्या लेव्हलला 'रिमूव्ह कर्स' हा शाप उतरवणारा मंत्र मिळू शकतो, आणि महिनाभर रंगवलेला शाप एका स्पर्शात उतरतो. मंत्रावर सरसकट बंदी घालू नका. ज्याने तो निवडला त्याच्यावर तो अन्याय होईल. शाप उतरला की वरदानही जाईल, एवढं आधीच सांगून ठेवा. मग शाप उतरवायला खेळाडू स्वतःच कचरतो.

शिंगं, खवले, काळी जीभ असल्या तयार तक्त्यांवर फासा टाकणं सोपं असतं. डन्जन क्रॉल क्लासिक्स या दुसऱ्या खेळात ते शोभतं, कारण तिथे जादू मुळातच लहरी आहे. पण तुमच्या कथेत कुणीतरी पाहतंय, तोलतंय असं असेल, तर फाशाने निवडलेला शाप त्या नजरेचा धाक घालवतो.

आजार, अपंगत्व किंवा वेड शाप म्हणून देऊ नका. कुष्ठरोग हे पापाचं फळ, हा समज खोडायला महाराष्ट्रात माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. तो खेळातून परत आणायचं काही कारण नाही. शिवाय टेबलावर बसलेल्या कुणाच्या घरात काय चाललंय हे आपल्याला माहीत नसतं. कोणते विषय नकोत, हे कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) सुरू होण्याआधीच विचारून घ्या.

खेळाडू वरदान वापरतच नसेल, तर शाप वाढवू नका, वरदान बदला. त्या पात्राला मागच्या काही सेशनमध्ये काय जमलं नाही ते आठवा: निसटलेला शत्रू, न उघडलेलं दार, वाचवता न आलेला मित्र. काळ्या शक्तींनी नेमकं तेच पुढे करावं. आणि उलट तो दर लढाईत वरदान बिनधास्त वापरत असेल, तर किंमत त्याला बोचत नाहीये. पुढच्या वेळी ती त्याच्या पात्राच्या जिवाभावाच्या माणसाकडून वसूल करा, पण मंत्र टाकण्याआधी त्याला हे स्पष्ट सांगून.