म्हशीला पैलवान करायचं असेल तर: अगडबंब अँथ्रो कॅरेक्टर कसं काढायचं

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जरा वेळ उभं राहिलात तर एक गोष्ट दिसेल, म्हैस एका जागी उभी असली तरी तिचं वजन सारखं हलत असतं, एका मागच्या पायावरनं दुसऱ्यावर, मग परत. खाली धार काढणारा बसलेला, बाजूला लोक ग्लासभर धारोष्ण दुधाची वाट बघत थांबलेले, आणि ते एवढं मोठं पोट वजन बदलताना जरा उशिरानं मागनं येतं. ते बघायलाच मी वही घेऊन जातो. प्राण्याचं तोंड आणि माणसासारखं दोन पायांवर उभं शरीर, म्हणजे अँथ्रो कॅरेक्टर, त्यातपण लई मोठी, अंगापिंडानं अगडबंब अशी, हा माझा जीव की प्राण विषय आहे. कशी काढायची हे बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आधी सडपातळ बॉडी काढायची आणि मग पुढं पोटाचा गोल चिकटवायचा. माझा पहिला रेडा पैलवान असाच होता. आमच्या भागातल्या तालमीतल्या वस्तादांना दाखवला, त्यांनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यो उभा राहील काय रं? ढकलायची पण गरज न्हाई, आपोआप तोंडावर पडतोय." ज्या माणसानं जन्मभर समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे तेवढंच बघितलंय त्याला ते पटकन दिसणारच की. तेव्हापासनं मी पोट सगळ्यात शेवटी काढतो, आधी वजन कुठं जातंय ते काढतो.

त्यासाठी गवंड्याचा ओळंबा आठवा. अख्ख्या शरीराच्या वजनाच्या मधनं एक सरळ रेघ खाली सोडायची, ती दोन पावलांनी जेवढी जमीन अडवलीय तेवढ्यात पडली पाहिजे, बाहेर पडली तर कॅरेक्टर पडणार. आता पोट पुढं आलं की ओळंबा पण पुढं सरकतो, मग शरीर ते भरून काढायला काय करतं? खांदे मागं जातात, कंबर आत वळते, पाय फाकतात आणि पावलं बाहेर वळतात. भरलेला गॅस सिलेंडर पोटाशी धरून चार पावलं चाललेल्या माणसाला बघा, किंवा नववा महिना लागलेल्या बाईला बघा, तीच पोझ असते. पहिल्यांदा बाजूनं फक्त पाठीची ही एक रेघ काढा, त्या एका रेघेतच माणूस जड वाटला पाहिजे, नाही वाटला तर पुढं जाऊ नका.

मग हाडं. छातीचा पिंजरा एक अंडं, कमरेचं हाड एक वाटी, डोकं एक गोळा. इथं लक्षात ठेवायचं की चरबी वाढली म्हणून हाडाचा सांगाडा मोठा होत नाही, म्हणजे डोकं, हाताचे पंजे आणि पावलं जवळपास आहे त्या मापाचीच राहतात आणि त्यांच्यामधला ऐवज वाढतो. साधारण मोठ्या माणसाची उंची साडेसात डोक्याएवढी धरतात, अगडबंब कॅरेक्टरला तेवढी किंवा थोडी जास्त धरायची आणि रुंदी मात्र मोकळ्या हातानं वाढवायची, खांद्यापासनं खांद्यापर्यंत तीन-साडेतीन डोकी गेली तरी चालतंय. डोकं मोठं केलं की कॅरेक्टर लगेच लहान बाळासारखं गोंडस दिसायला लागतं, तसं पाहिजे असेल तर करा, पण पैलवान पाहिजे असेल तर डोकं आवरा.

आता खरा भाग, चरबी. गादी बघितलीय ना, कापूस भरल्यावर गादीवाला मधे मधे टाके मारतो, टाका पडला तिथं गादी दबते आणि दोन टाक्यांच्या मधे फुगते. शरीराचं अगदी तसंच असतं. काही जागी कातडी आतल्या भागाला घट्ट धरलेली असते, छातीच्या मधलं हाड, बेंबी, जांघेची घडी, कमरेच्या हाडाची पुढची टोकं, काख, कोपर, मनगट, गुडघा. हे टाके आधी टिंबं देऊन मार्क करा आणि मग त्यांच्यामधे फुगवा. असं केलं की वळ्या कुठं येणार ते आपोआप कळतं, नुसत्या समांतर रेघा मारून वळ्या येत नाहीत, त्या टायरच्या ट्यूब दिसतात.

आणि प्रत्येक फुगीर भाग खाली ओढला जातो हे विसरू नका. दुधाची पिशवी हातात धरा, वरचा भाग ताणून सपाट होतो, खालचा गोल आणि भरीव होतो. पोट, दंडाचा खालचा भाग, गाल, सगळं असंच. उभं असताना पोट खाली येतं, बसलं की मांडीवर टेकतं आणि मांड्या पसरून रुंद होतात, उताणं झोपलं की पोट चपटं होऊन दोन्ही कुशींकडं पसरतं. एकच गोल सगळ्या पोझमधे कॉपी पेस्ट केला तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खटकतं. बसलेल्या पोझसाठी कुंभार गल्लीत जाऊन गणपतीच्या मूर्ती बघा, रंग लागायच्या आधी बघितल्या तर अजून चांगलं, पोट मांडीवर कसं येतं, शेला पोटाच्या वर बांधला की खाली, सोंड डोकं आणि छातीचा सांधा कशी झाकते, हे सगळं तिथल्या कारागिरांनी कधीच सोडवून ठेवलंय. हत्तीचं डोकं माणसाच्या धडावर एवढ्या सहज बसवणारी माणसं आपल्या गावात आहेत, त्यांच्याकडनं शिकायला पाहिजे.

पैलवान टाईप वेगळा. तिथं चरबीच्या खाली मांसाचा थर असतो, त्यामुळं पोट लोंबत नाही, पुढं टणक उभं राहतं, मान आणि खांदा यांच्यामधे उतार येतो आणि मान जवळजवळ दिसतच नाही. मांड्या एकमेकींना घासतात म्हणून चालताना पाय थोडा बाहेरनं फिरून पुढं येतो, अंग डावीउजवीकडं झुलतं, आणि हात अंगाला चिकटत नाहीत, काखेत जागाच नसते तर हात बाजूला सुटलेले राहणार. खासबाग मैदानात कुस्त्या असल्या की पैलवान जोडीला जायच्या आधी मैदानात फिरतात ते चालणं बघा, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात कुठनंही बसा, सगळं दिसतं, स्केचिंगला त्याच्यासारखी जागा नाही.

पायांवर मी जास्त बोलणार आहे कारण सगळे तिथंच गडबडतात. कुठलंही शरीर त्याच आकारात दुप्पट उंच केलं की त्याचं वजन आठपट होतं पण हाडाचा आडवा छेद फक्त चौपट वाढतो. म्हणजे मोठं कॅरेक्टर हे लहान कॅरेक्टरचं झूम नसतं, पाय त्या मानानं जास्त जाड लागतात. म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात आणि हरणाचे काटकुळे चालून जातात. दुसरी गोष्ट, म्हशीच्या मागच्या पायात जो उलटा गुडघा दिसतो तो गुडघा नाहीच, ती टाच आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. दोन पायांवर उभं करताना तुम्हाला ठरवावं लागतं, टाच वर ठेवून खुरांवर उभं करायचं की माणसासारखी टाच टेकवायची. फार जड कॅरेक्टरला मी टाच वर ठेवली तरी वाक कमी करतो, पाय जवळजवळ सरळ, नाहीतर एवढं वजन त्या वाकड्या सांध्यावर पेलतंय असं वाटतच नाही. अस्वलाला हा त्रास नाही, ते मुळातच आपल्यासारखं अख्खं पाऊल टेकून चालतं, म्हणून नवीन असाल तर अस्वलापासनं सुरू करा. हत्ती बाहेरनं सपाट पावलाचा वाटतो पण आत तो बोटांच्या टोकांवर उभा असतो आणि टाचेखाली चरबीची जाड गादी असते, त्यामुळं त्याला खांबासारखा पाय बिनधास्त द्या.

गवा काढायचा असेल (आणि आपल्या जिल्ह्यात दाजीपूरचं अभयारण्य असताना गवा नाही काढायचा तर काय काढायचं) तर त्याचा खांद्यावरचा उंचवटा हा खिलार बैलाच्या वशिंडासारखा नुसता मांसाचा नाही, आत पाठीच्या मणक्यांचे वर आलेले लांब काटे आहेत. म्हणून तो लोंबत नाही, हलत नाही, पाठीवर अर्ध्यापर्यंत धारेसारखा जातो आणि मग एकदम खाली उतरतो. मोठा नर 1000 किलोपर्यंत भरतो. उभा केल्यावर हा उंचवटा मानेच्या मागं येतो आणि डोकं पुढं झुकतं, ती झुकलेली मान ठेवा, ताठ केली की गवा संपला. आणि चारी पायांना पांढरे मोजे विसरू नका.

कपडे पटकन सांगतो. पॅन्ट किंवा लेंगा एकतर पोटाच्या खाली बांधला जातो नाहीतर वर, मधोमध कधीच टिकत नाही. शर्टाच्या सुरकुत्या ताणलेल्या बटणापासनं बाहेर पसरतात. नेहरू शर्ट पोटाच्या सगळ्यात पुढच्या टोकावरनं पडद्यासारखा सरळ खाली येतो आणि मांडीपर्यंत मधे मोकळी जागा राहते. फेटा बांधायचा तर शिंगांच्या बाहेरनं नाही, दोन शिंगांच्या मधनं आणि मागनं फिरवा. खूर असेल तर कोल्हापुरी पायताण घालायला जाऊ नका, अंगठाच नाही तर पट्टी अडकणार कुठं.

मोठेपणा दाखवायला शेजारी ओळखीची वस्तू लागते. हातात चहाचा ग्लास द्या, दोन बोटांत मावलेला. किंवा स्कूटरवर बसवा आणि मागचं चाक शॉकअपसकट दबलेलं दाखवा. नजरेची पातळी त्याच्या गुडघ्याएवढी खाली घेतली की तो अजून उंच वाटतो. रेघ पोटाच्या खाली जाड, वरच्या बाजूला बारीक. अस्वलाच्या केसांत वळ्या लपतात, तिथं फक्त कडेला केसांचे झुपके. म्हशीची कातडी उघडी असते, सगळं दिसतं, आणि पंचगंगेच्या घाटावर ओली झालेली म्हैस बघितली तर पाठीवरची चकाकी कुठं संपते तिथं फुगीर भाग वळतो हे स्पष्ट कळतं.

चेहऱ्याबद्दल मला मनापासनं बोलायचंय. मोठं अंग म्हटलं की हावरट नाहीतर बावळट तोंड काढायची सवय आपल्याला लागलीय, ती मला अजिबात पटत नाही. माझी आत्या चांगली भारदस्त होती, ती ओसरीवर बसली की सगळं घर तिच्याभोवती बसायचं, तिचे हात कसले हलके चालायचे शेवया करताना. मी हत्तीण काढतो तेव्हा ते हात काढतो. कॅरेक्टरला एखादं काम द्या, जे त्याला फार चांगलं येतं, चेहरा आपोआप जुळतो.

सरावाला 2बी पेन्सिल आणि साधी वही पुरे, मोबाईलवर आयबिस पेंट हे चित्रं काढायचं ॲप असेल तर तेपण चालतं. म्हशीसमोर दोन-दोन मिनिटांची दहा स्केचं, त्यात पोटाची बाहेरची रेघ काढायचीच नाही, फक्त पाठ, पाय आणि ओळंबा. घरी येऊन त्यातलं एक निवडून दोन पायांवर उभं करा, मग चित्र आरशात उलटं बघा, कुठं कलतंय ते लगेच दिसतं. शेवटी पावलाखाली जिथं खूर जमिनीला टेकतो तिथं अगदी बारीक, गडद सावली द्या, आणि माती असेल तर खूर थोडा आत रुतवा, कडेची माती जराशी वर आलेली.