फोन बाबांकडे असतो: दूरशिक्षणाचा धडा आणि ग्रंथालय गावापर्यंत कसं न्यावं

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचं काम हाती घेतलं त्या वर्षी मी एक घोडचूक केली. बी.ए.च्या अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक स्कॅन केलं, त्याची ६० एमबीची पीडीएफ झाली, ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि निर्धास्त झालो. पुढच्या रविवारी संपर्क सत्रात विचारलं, "वाचलं का?" सगळे गप्प. शेवटी घाटंजीकडची एक मुलगी म्हणाली, "सर, फोन बाबापाशी राह्यते. नऊ वाजेलोक भेटत नाई. अन् मंग ते गोल गोल फिरतच राह्यते."

रात्री हिशेब मांडला. सिग्नलची एकच काडी असेल आणि सेकंदाला १०० किलोबिटचा वेग मिळत असेल, तर ६० एमबी उतरायला ८० मिनिटं लागतात. बाबांचा फोन तिच्या हाती जेमतेम पाऊण तास.

१९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. आता घरोघरी फोन पोचला, पण आमच्या यवतमाळच्या कापूसपट्ट्यात पुष्कळ घरी तो एकच असतो. म्हणून सुरुवात अ‍ॅपपासून करू नका. पुढे लिहिलंय ते सगळं एका माणसाला, एका साध्या कॉम्प्युटरवर जमतं.

आधी फोनची चौकशी

प्रवेशाच्या वेळी फॉर्मसोबत एक कोरा कागद द्या आणि पाच गोष्टी लिहून घ्या: फोन कुणाचा, हातात कधी मिळतो, किती जागा रिकामी आहे, गावात रेंज कुठे येते, आणि वर्षातले कोणते महिने मरणाचं काम असतं. शेवटचा प्रश्न सोडू नका. भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी असते, आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापसाची वेचणी एकदमच अंगावर येतात, गडचिरोलीत उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. त्या आठवड्यांत अभ्यासक्रमाचा नवा घटक पाठवला तर तो वाया गेलाच म्हणून समजा. तेव्हा फक्त ऐकायचं साहित्य पाठवा.

मजकूर युनिकोडमध्ये आणा

सगळ्यात वेळखाऊ काम हेच, आणि ते टाळलं तर बाकीची मेहनत पाण्यात.

जुन्या मराठी पाठ्यसाहित्याच्या कितीतरी फाइली श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात. पडद्यावर अक्षर छान दिसतं, पण फोनला ते मराठी आहे हे कळतच नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी मात्र कुठल्याही फोनला कळतं. तपासायची युक्ती सोपी आहे. पीडीएफ उघडा, एक ओळ बोटाने निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठीच उमटलं तर ठीक. कंस, टक्क्याच्या खुणा असलं काही उमटलं तर तो मजकूर शोधता येणार नाही, अक्षर मोठं केलं तर ओळी नीट मांडल्या जाणार नाहीत, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या टॉकबॅकला तो वाचताही येणार नाही.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मोफत मिळतात. फाइल नसून नुसतं छापील पान असेल तर गुगल लेन्सने मजकूर उचला. पण दोन्हीकडे एक खोड असते: 'दुसऱ्या'मधला अर्धा र. तो हमखास बिघडून 'दुसर्या' होतो, आणि मग 'दुसऱ्या' शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. ज्ञ, श्र, ऱ्ह आणि आकडे डोळ्यांनी तपासा. मी एका घटकाला दोन संध्याकाळी देतो. एक विद्यार्थी सोबतीला घेतो, त्याचा अभ्यासही होतो.

फायदा केवढा? पाच हजार शब्दांचा घटक साध्या मजकुरात १००-१२० केबीत मावतो. वरच्याच वेगाने दहा सेकंदांत उतरतो.

पान फोनच्या मापाचं करा

ए-फोर पानाची पीडीएफ फोनवर वाचणं म्हणजे दाराच्या फटीतून मिरवणूक बघणं. लिबर ऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये पानाची रुंदी ९ सेंटीमीटर आणि उंची १६ सेंटीमीटर ठेवा, समास अर्ध्या सेंटीमीटरचा, अक्षर १३ किंवा १४ पॉइंट. ओळी डावीकडून सरळ ठेवा, दोन्ही बाजूंनी ताणू नका; मराठी शब्द लांब असतात, मधे खिंडारं पडतात. तीनपेक्षा जास्त रकान्यांचा तक्ता मोडून वाक्यांत लिहा.

घटकाचे तुकडे करताना एका तुकड्यात एकच प्रश्न सोडवा, ६००-७०० शब्दांत. शेवटी स्वतःला तपासायला तीन प्रश्न, उत्तरं पुढच्या पानावर.

उदाहरण आठवडी बाजारातलं

'अत्यल्पकाळात नाशवंत वस्तूचा पुरवठा पूर्णपणे अलवचिक असतो' हे वाक्य मी तीनदा वाचून दाखवलं, कुणाच्या पल्ले पडलं नाही. मग आमच्या आवाजफितीत असं आलं: 'सकाळी बाजारात सांबाराची जुडी वीस रुपयांना. संध्याकाळी पाच वाजता बाई पाच रुपयांना दोन देते. सांबार परत वावरात लावता येत नाही, उद्यापर्यंत टिकत नाही. जेवढं आणलं तेवढंच विकायचं. आता भाव ठरवणार गिऱ्हाईक.' परीक्षेतल्या उत्तरांत सांबार उतरला. पुण्यामुंबईच्या परीक्षकाला तो इडलीसोबतचा वाटू नये म्हणून पुढे 'कोथिंबीर' लिहा एवढंच बजावलं.

आवाज मोनोमध्ये, ओपस प्रकारात, २४ केबीपीएसवर साठवा. आठ मिनिटांची फीत दीड एमबीच्या आत बसते आणि बोलणं स्पष्ट ऐकू येतं. वेचणी करताना फोन ओटीत ठेवून ऐकणाऱ्या आमच्याकडे आहेत; कापसाने दोन्ही हात गुंतलेले, कान मोकळे. व्हिडिओ मात्र जिथे हाताची कृती दाखवायची तिथेच करा. बोलणाऱ्या सरांचा चेहरा बघण्यात कुणाला फारसा रस नसतो. मेळघाटात किंवा भामरागडकडे काम करत असाल तर घटकाची दोन मिनिटांची ओळख कोरकूत, माडियात तिथल्याच विद्यार्थ्याकडून बोलून घ्या. पुढचा मराठी धडा मग परका वाटत नाही.

पुन्हा सापडलं पाहिजे

पाठवणं सोपं आहे, महिन्याभराने तीच फाइल सापडणं अवघड. फोनने आपणहून दिलेली आकड्यांची नावं पुसून सरळ नाव द्या: 'अर्थ१-घटक३-भाग२-लेख', 'अर्थ१-घटक३-भाग२-आवाज'. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय करा, नाहीतर सुप्रभाताच्या फुलांखाली घटक गाडला जातो. शंकांसाठी वेगळा ग्रुप ठेवा. वर पिन केलेली एकच यादी असावी. पाठवायची वेळ रात्री साडेआठ, म्हणजे नऊला फोन हाती येताच ते वरच दिसतं. सकाळी अकराला पाठवलेलं बाबा बघतात, लेक नाही.

आणि एका गावात एकानेच डाउनलोड करायचं. बाकीच्यांनी त्याच्याकडून क्विक शेअरने किंवा मेमरी कार्डाने घ्यायचं, डेटा शून्य.

ग्रंथालय: लिंक नको, पान द्या

नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूर चालवते, इग्नूचं पाठ्यसाहित्य ई-ज्ञानकोशावर आहे, मराठी विश्वकोशाचे २० खंड ऑनलाइन वाचता येतात. खजिना आहेच. पण विद्यार्थ्याला मुखपृष्ठाची लिंक देणं म्हणजे गोदामाची किल्ली देऊन "सुई शोध" म्हणणं. नेमक्या नोंदीची लिंक द्या, आणि खाली दोन ओळींत लिहा की तिथे काय वाचायचं, काय सोडायचं. मराठी विकिपीडिया किविक्स या मोफत अ‍ॅपवर ऑफलाइन मिळतो. तो एका कार्डात भरून ठेवा.

मागणीची पद्धत अशी: विद्यार्थी टाइप न करता बोलून विचारतो, 'पंचायतराजवर काही द्या.' वहीत नोंद करायची आणि दोन दिवसांत उत्तर द्यायचं. नसेल तर 'नाही' हेही दोनच दिवसांत. लागेल त्या प्रकरणाची आठ-दहा पानं स्वतःच्या अभ्यासापुरती पाठवायला कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मधल्या सवलतींचा आधार आहे. अख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकायला तो आधार नाही, आणि वर सांगितलेली माझी घोडचूक याही बाजूने चूकच होती. लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षं उलटलेली पुस्तकं मात्र बिनधास्त द्या.

छापील पुस्तकांसाठी गावातलं सार्वजनिक ग्रंथालय गाठा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं 'ड' वर्गाचं छोटं वाचनालयसुद्धा चालतं. तिथे एक कपाट मागा, वीस पुस्तकांची पेटी ठेवा, दर सत्राला बदला. मेमरी कार्डही तिथेच द्या. आमची पेटी एसटीने जाते. कंडक्टर आधी कुरकुरायचे, आता विचारतात यंदा काय पाठवलंय.

पाठवण्याआधी

फोन फ्लाइट मोडवर टाका, कोवळ्या उन्हात नव्हे तर दुपारी बारा वाजता बाहेर उभे राहा आणि धडा उघडा. लिंकशिवाय अडतं का, उन्हात अक्षर दिसतं का, बघा. मग एका विद्यार्थ्याच्या हाती फोन द्या आणि तोंड बंद ठेवा. हेच अवघड जातं. घाटंजीच्या त्याच मुलीला मी नवा घटक दिला तेव्हा ती सलग वाचत गेली आणि तिसऱ्या पानावर थांबली. मला वाटलं, शब्द अडला. तिने वर बघून विचारलं, "सर, मागच्या पानावर कसं जायचं?" तेव्हापासून आमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी 'मागे' असतं.