नवी गाडी म्हणून जुनी आवृत्ती गळ्यात मारली तर काय करायचं

शोरूमवाला चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतःचा क्रमांक) लिहून देत नाही तोवर गाडीचे उरलेले पैसे भरू नका. बाकीचं सगळं खाली सांगतेच, पण एवढं एक जरी पाळलंत तरी पुढचा निम्मा ताप वाचेल.

मी सांगलीत मोटार विम्याचं काम करते. ज्यांना विमा शोरूमकडून नको असतो ते चासी नंबर घेऊन माझ्याकडे येतात. (विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कुणालाच करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.) प्रपोजल, म्हणजे विम्याचा अर्ज, भरताना उत्पादनाचं वर्ष विचारलं जातं आणि नेमकं तिथे बिंग फुटतं. बिलावर यंदाची तारीख, गाडी मात्र गेल्या वर्षीची. माणसं आयुष्यभराची बचत घालतात, वर पाच-सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात, आणि मेकिंगचं वर्ष त्यांना सांगायचंही कष्ट कुणी घेत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आधी 'जुनी' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण शोरूममध्ये सगळी सरमिसळ केली जाते. मॉडेल तेच, पण मेकिंग गेल्या वर्षीचं, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात कंपनीने मॉडेल बदललेलं असतं आणि तुम्हाला बदलाआधीची गाडी देतात. तिसरा सगळ्यात वाईट, डेमोला वापरलेली किंवा वाटेत ठोकलेली गाडी रंगरंगोटी करून नवी म्हणून देणं. दुसऱ्या प्रकारात तर जिवाशी संबंध येतो. २०२५ मध्ये मारुतीने आल्टो के१०, सेलेरिओ, वॅगनआर अशा गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट दिल्या. अशा बदलाच्या आधीची आणि नंतरची गाडी बाहेरून सारखीच दिसते. आत किती एअरबॅग आहेत हे अपघात झाल्यावर कळून काय उपयोग?

ग्राहक कायद्यात 'इतक्या महिन्यांपूर्वी बनलेली गाडी नवी धरू नये' अशी काही मुदत नाही. मेकिंग आठ महिन्यांपूर्वीचं आहे हे सांगून, सूट देऊन गाडी विकली तर त्यात गैर काहीच नाही, आणि परवडत असेल तर असा सौदा खुशाल करा. गैर आहे ते लपवणं. त्यामुळे तुम्हाला काय सांगितलं होतं आणि काय दिलं, एवढ्यावरच सगळी लढाई उभी राहते. बुकिंग करताना फॉर्मवर सेल्समनच्या अक्षरात लिहून घ्या : व्हेरियंटचं पूर्ण नाव, मेकिंगचं वर्ष, एअरबॅग किती, आणि 'बदल झाल्यास नवीन आवृत्तीच देऊ'. तो 'साहेब, त्याची गरज नसते' म्हणाला तर तेच प्रश्न त्याला व्हॉट्सअॅपवर विचारा. या मॉडेलचं नवीन व्हर्जन येणार आहे का, हेही विचारा. उत्तर आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. बुकिंग जुन्या आवृत्तीचं, किंमत जुनी आणि मिळालीही जुनीच, अशी परिस्थिती असेल तर तुमची बाजू खरोखरच लंगडी असते. तिथे हे व्हॉट्सअॅपचं उत्तर हाच काय तो आधार.

आता चासी नंबर. तो सतरा अक्षर-अंकांचा असतो. बहुतेक कंपन्या दहाव्या जागी वर्षाचं अक्षर घालतात : २०२३ साठी 'पी', २०२४ साठी 'आर', २०२५ साठी 'एस', २०२६ साठी 'टी'. महिन्याची खूण कुठे असते ते कंपनीगणिक बदलतं, आणि वर्षाच्या बाबतीतही सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने जातात असं नाही. म्हणून अक्षरावर विसंबून भांडायला जाऊ नका, ते फक्त संशय घेण्यापुरतं. पक्का पुरावा म्हणजे फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असा स्वतंत्र रकाना असतो. पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीच्या, कागदांत हा फॉर्म लागतोच, तेव्हा 'आमच्याकडे नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

कागद हातात आला की यार्डात जाऊन गाडी बघा. काही गाड्यांत पुढच्या सीटखाली गालिच्याला छोटी झडप असते, ती उचलली की पत्र्यावर कोरलेला नंबर दिसतो. मोबाइलच्या उजेडात एकेक अक्षर कागदाशी ताडून बघा. मग टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात ते वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. टायर गाडीच्या आधी बनतो, त्यामुळे चार-दोन महिन्यांचा फरक चालतो, वर्षाचा असेल तर विचारायलाच हवं. सीटबेल्ट पूर्ण ओढला की बुडाशी पट्टीवर शिवलेलं लेबल असतं, त्यावरही बहुधा तारीख मिळते. मीटरवरचे किलोमीटर, गाडीखालचा गंज, बंपरच्या सांध्यातला रंग, सगळ्याचे फोटो काढा.

हे सगळं पासिंगच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी कागदोपत्री वापरलेली झाली आणि शोरूमवाला 'आता परत कशी घेणार' म्हणायला मोकळा. नंबरप्लेट लावल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही असा नियम आहे, म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी हार घालताना बघायला गेलात तर वेळ निघून गेलेली असते.

तासगावकडच्या एका शिक्षिकाबाईंचं उदाहरण सांगते. दिवाळीच्या सुमारास बुकिंग, फॉर्मवर २०२५ स्पष्ट लिहिलेलं. विम्यासाठी चासी नंबर आला तर दहावं अक्षर 'आर'. मी त्यांना म्हटलं, "बाई, आधी फॉर्म २१ मागवा, मग बघू." शोरूममधून फोन, "मॅडम, बिल तर २०२५ चंच आहे ना!" बिलाच्या तारखेचा आणि मेकिंगचा काडीचा संबंध नाही. बाईंनी त्याच दुपारी बँकेत जाऊन लेखी अर्ज दिला की मी कळवेपर्यंत कर्जाची रक्कम शोरूमला सोडू नये. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घेतला आणि ती प्रत शोरूमला पाठवली. दुसऱ्या गावच्या यार्डातून चालू वर्षाची गाडी आली. पैसे अडले होते म्हणून आली, एवढंच.

पण गाडी घरी आल्यावर कळलं तर? तेव्हाही हात टेकायचे नाहीत. डिलिव्हरीच्या वेळीच शंका आली तर 'गाडी तपासून समाधानाने स्वीकारली' या छापील ओळीखाली 'उत्पादन वर्षाबाबत हरकत राखून' असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा. नंतर कळलं तर त्याच आठवड्यात शोरूमला पत्र धाडा, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने. मजकूर साधा ठेवा :

'मी अमुक तारखेला अमुक व्हेरियंट, मेकिंग २०२५, अशी गाडी बुक केली. आपण दिलेल्या गाडीचा (चासी नंबर अमुक) उत्पादन महिना फॉर्म २१ नुसार अमुक २०२४ आहे. ही बाब मला सांगितली गेली नव्हती. पंधरा दिवसांत बुकिंगप्रमाणे गाडी बदलून द्यावी, अथवा किंमत, रोड टॅक्स, विमा व कर्जाच्या व्याजासह रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागावी लागेल.'

रोड टॅक्स विसरू नका. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे, ही काही किरकोळ रक्कम नव्हे. गाडी किती वापरायची याचाही विचार करा. वीस हजार किलोमीटर चालवून 'बदलून द्या' म्हटलं तर आयोगालाही ते पटणं कठीण. इतकी वापरली असेल तर किमतीतला फरक आणि भरपाई मागणं जास्त शहाणपणाचं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ इथे अगदी स्पष्ट आहे. माल विशिष्ट दर्जाचा, विशिष्ट मॉडेलचा आहे असं खोटं सांगणं आणि जुना माल नवा म्हणून विकणं, या दोन्ही गोष्टी त्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत नाव घेऊन लिहिल्या आहेत. जोडीला १९३० चा मालविक्री कायदा आहेच : वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूमच असला पाहिजे. 'कंपनी पूर्वसूचनेशिवाय बदल करू शकते' ही ब्रोशरमधली बारीक ओळ शोरूमवाले हमखास पुढे करतात. ती कंपनीने गाडीत करायच्या बदलांबद्दल आहे. बुकिंग एकाचं घेऊन दुसरंच द्यायची परवानगी तिच्यातून मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. इंजिनात बिघाड आहे असं म्हटलं की तज्ज्ञाचा अहवाल लागतो. इथे बुकिंगचा फॉर्म आणि फॉर्म २१ हे दोन कागद शेजारी ठेवले की पुरे.

गोव्याचा एक निकाल सगळ्यांनी माहीत करून घ्यावा. तिथल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये नव्या गाडीचे पैसे भरले आणि शोरूमने २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी दिली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल ग्राहकाच्या बाजूने लागले, डीलर आणि कंपनी दोघेही जबाबदार धरले गेले. गाडी बनवणारी कंपनी, टाटा मोटर्स, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. कंपनी आणि डीलर यांचे व्यवहार स्वतंत्र आहेत, आणि कंपनीला हे माहीत होतं किंवा तिचा यात हात होता असा नेमका आरोप तक्रारीत नव्हता, हे त्यामागचं कारण. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. म्हणून पहिल्या पत्राची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागालाही पाठवा आणि विचारा : या चासी नंबरची गाडी कधी बनली, डीलरला कधी पाठवली, बदलाआधीचा साठा विकण्याबद्दल तुम्ही डीलरला काय कळवलं होतं? उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तर तेही तक्रारीत तारखेनिशी मांडा.

पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच जायचं. फी पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४००, पन्नासपर्यंत १,०००. गाडी पुण्याहून घेतली असली तरी तुम्ही सांगलीत राहता किंवा नोकरी करता म्हणून सांगलीत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते, आणि अडलं तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था वाट दाखवतात. कायद्याने साधारण तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याने स्वतः चालवायला गाडी घेतली असेल तर 'हा धंद्याचा व्यवहार आहे, तुम्ही ग्राहक नाही' हे शोरूमचं म्हणणं चालत नाही. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याच्या व्यवहारातून वगळली आहे. तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.