अर्धशिशीचं अपील: दुखणं किती, यापेक्षा आडवं किती वेळा पडावं लागलं ते लिहा

अमेरिकेचा माजी सैनिक विभाग, म्हणजे व्हीए, अर्धशिशीला अपंगत्वाचे टक्के (ज्यावर भरपाई ठरते) देताना दुखण्याची तीव्रता नव्हे, तर काम सोडून आडवं पडायला लावणारे झटके मोजतो. गेल्या काही महिन्यांत असे झटके सरासरी महिन्याला एक असतील तर ३० टक्के, दोन महिन्यांतून एक असेल तर १०. ५० टक्क्यांसाठी झटके फार वारंवार, लांबणारे आणि कमाईला गंभीर बाधा आणू शकणारे हवेत. ‘आणू शकणारे’ हा शब्द धरून ठेवा. नोकरी चालू आहे एवढ्यावरून ५० टक्के नाकारता येत नाहीत.

म्हणून झटक्यांच्या नोंदवहीत नुसतं ‘डोकं दुखलं’ लिहू नका. तारीख, सुरू झाल्याची वेळ, अंधाऱ्या खोलीत किती तास पडून होता, उलटी, गोळी, बुडालेली कामाची पाळी, सगळं त्याच दिवशी टिपा. घरच्या माणसाचं लेखी निवेदन फॉर्म २१-१०२१० वर द्या.

बरेच जण इथे चुकतात: निर्णय मान्य नसेल तर ही वही पुरवणी दाव्यासोबत, म्हणजे नवा पुरावा जोडून केलेल्या दाव्यासोबत, फॉर्म २०-०९९५ वर जाते. वरिष्ठ फेरतपासणीत (फॉर्म २०-०९९६), जिथे वरिष्ठ अधिकारी जुनीच फाइल पुन्हा तपासतो, नवा पुरावा पाहतच नाहीत. निर्णयपत्राच्या तारखेपासून वर्षाच्या आत अर्ज केलात, तरच जुनी लागू तारीख, म्हणजे भरपाई जिथून मोजली जाते ती तारीख, आणि थकबाकी टिकते.