लग्नाची यादी करताना आणि लग्नाला जाताना या चुका टाळा

पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापायचं आणि समोरचा मेहुणी, तिची मुलं आणि शेजारचे आजोबा घेऊन आला की कपाळाला आठ्या घालायच्या, हे मला कधीच पटलेलं नाही. छापलंय तसा तो आला. खेड्यात हा घोळ होत नाही. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. घरटी एक म्हणजे एकच. शहरात पत्रिका सगळ्यांना सारखी आणि आकडे मनात वेगवेगळे. ते तोंडाने सांगा: “काका, कार्यालय लहान आहे, तुम्ही आणि काकू दोघं नक्की या.” कोणी रुसलंच तर पुढच्या केळवणापर्यंत निवळतं. मी पाकिटावर नावं लिहिते आणि ‘परिवार’ हा शब्द जिथे खरंच परिवार हवा तिथेच घालते.

सगळ्यात महागात पडते ती व्हॉट्सअॅपची चूक. आमच्या नात्यातल्या एका लग्नात मुलीच्या वडिलांनी पत्रिकेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे’. घरोघर जायचा कंटाळा, दुसरं काय! खाली अंगठ्यांची रांग लागली. यांना वाटलं, लोक अभिनंदन करताहेत. लोक येतो म्हणत होते. केटररला चारशे पानं सांगितलेली. दुसरी पंगत उठते न उठते तोच कार्यालयाचे मॅनेजर वही घेऊन हजर: “साहेब, पानं संपत आली. अजून किती धरू?” आणि विहिणीची पंगत तर अजून बसायची होती! मसालेभात पुन्हा टाकला, तो शिजेपर्यंत वरपक्ष रांगोळी घातलेल्या पानांसमोर मठ्ठा पीत बसला. विहीणबाईंच्या पानात जिलबी पडली ती एकच. जादा पानांचं बिल वेगळं.

हल्ली मुलं एका रात्रीत एक्सेलमध्ये यादी करतात आणि काम झालं समजतात. यादी फोनवर पक्की होते. मी नावापुढे पेन्सिलने आकडा लिहिते आणि केटररला शब्द देण्याआधी एकेकाला फोन लावते. “येणार ना?” विचारलं की सगळेच हो म्हणतात, म्हणून “किती पानं धरू?” असं विचारते. यादी आवरता येत नाही हे रडगाणं मला सांगू नका. २०२१च्या एप्रिलमध्ये सरकारने २५ माणसांत आणि दोन तासांत लग्न उरकायला लावलं, तेव्हा सगळ्यांना आवरता आली.

आता जाणाऱ्यांसाठी. गावाहून पाहुणे उतरलेत? चार दिवस आधी फोन करा. कार्यालयाच्या दारात “हे आमचे साडू” अशी ओळख करून दिली, तर यजमान बिचारा नाही कसं म्हणणार? फक्त स्वागत समारंभाची पत्रिका असेल तर मुहूर्ताच्या जेवणाला जाऊ नये. केळवण नवऱ्या मुलाचं असतं, त्याच्या मित्रमंडळाचं नाही. आणि पोरांना पाठवून आपण घरी बसणं तर फारच वाईट.

यजमानांनी आकड्यात गुरुजी, फोटोग्राफर, बँडवाले आणि गाड्यांचे ड्रायव्हर धरावेत. हे हमखास विसरतात. लहान मुलांचं पान अर्धं धरणार की पूर्ण, हे केटररला ॲडव्हान्स देण्याआधीच विचारून घ्या.