पावसाळी वाऱ्यात सत्तरीचे डोंगर: गटाने कसे चालावे

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांत एका दिवसात दोन-तीन माथे जोडायचे म्हटले की सगळ्यांचे डोळे माथ्यांवर असतात. जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यात जपायचे ते मधल्या खिंडींत. नैर्ऋत्येचा वारा खिंडीत दाटतो आणि वेग घेतो. वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो, म्हणून माथ्यावर ताठ उभा असलेला गडी खिंडीत भेलकांडतो.

म्हादई अभयारण्यातल्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी आधी काढा. पावसाळ्यात त्या वाटेवर प्रवेश बंद आहे का, तेही तिथेच विचारा. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा गोव्यासाठीचा इशारा बघा. नारिंगी किंवा लाल असला तर बेत रद्द. पिवळा असला तर एखादा माथा गाळा.

गट सहा ते दहा जणांचा पुरे. वाट माहीत असलेला गावातला माणूस पुढे, सर्वांत दमदार गडी शेवटी, आणि सर्वांत सावकाश चालणारा दुसऱ्या क्रमांकावर. तो मागे राहिला की गट तुटतो, आणि धुक्यात तुटलेला गट पुन्हा जुळायला वेळ लागतो. डोकी मोजायची ती खिंडीच्या अलीकडे, आडोशाला. हाका वाऱ्यात विरतात, तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, मिनिटात सहा म्हणजे संकट.

पोंचो, म्हणजे अंगावरून घालायची सैल पावसाळी झूल, घेऊ नका. वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो, नाही तर तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतो तेच दिसत नाही. टोपीचे रेनजॅकेट बरे. सॅकचे बाहेरचे कव्हर उडते. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सामान त्यात भरा. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. डब्यात पातळभाजी नको, हे सांगावे लागू नये. गूळ, शेंगदाणे, पोळी, आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. पावसात तहान जाणवत नाही, म्हणून आठवणीने प्या.

वेळेचा हिशेब असा: सपाटीला ताशी चार किलोमीटर, दर ३०० मीटर चढाला अर्धा तास जादा, आणि बेरजेच्या दीडपट. म्हणजे १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर सव्वापाच तास, विश्रांती वेगळी. सकाळी साडेसहाला निघा आणि कुठेही असलात तरी दुपारी एकला परतीला लागा. शेवटचा माथा हाकेवर दिसत असला, तरीही.

थंडीला गोव्यात कोणी मोजत नाही. पण ओले कपडे आणि वारा एकत्र आले की वीस अंशांतही अंग गारठते. कोणी कुडकुडू लागला, बोटांनी चेन लावता येईना, बोलणे अडखळू लागले की पूर्वेच्या उतारावर, वाऱ्याआड न्या. कोरडा शर्ट घाला, गोड खायला द्या आणि तिथूनच सगळ्यांनी उतरा. त्याला एकट्याला परत पाठवू नका.

उतरताना शेवटची अडचण व्हाळाची, म्हणजे ओढ्याची. सकाळी घोट्याएवढा असलेला व्हाळ माथ्यावरच्या पावसाने दुपारी कमरेएवढा होतो. पाणी गढूळ होऊन गुडघ्याच्या वर चढले असेल तर ओलांडू नका, कमरेला दोर बांधून तर नकोच. पाय घसरला की तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. काठावरचा एक दगड खूण म्हणून धरा आणि उंचावर बसून राहा. पाऊस थांबल्यावर छोटा व्हाळ बहुधा काही तासांत ओसरतो. तेवढ्यासाठी प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक जेवण आणि टॉर्च जादा असू द्या.