कोकणकड्यावर कारवीचं पान: थरांचे लँडस्केप फोटो काढून प्रदर्शनात लावायचे कसे

दोन फोटो एकावर एक टाकले की आपोआप स्वप्नासारखं काहीतरी दिसेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा नुसता काला होतो, कारण पहिल्या फ्रेममध्ये दुसरीला जागाच ठेवलेली नसते. डबल एक्सपोजर म्हणजे उजेडात उजेड मिळवणं, त्यामुळे जे आधीच पांढरं झालंय तिथे पुढचं काही उमटत नाही आणि जे काळं राहिलंय तिथे दुसरी फ्रेम छान उतरते. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं सरावाने येतं.

हरिश्चंद्रगडाचंच घ्या. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी कडा सावलीत आणि आभाळ उजळलेलं, ही झाली पहिली फ्रेम. आभाळ जवळजवळ पांढरं होऊ द्या, कडा काळपट राहू दे. मग मागे फिरा आणि कारवीचं एखादं पान इतक्या जवळून घ्या की फ्रेममध्ये पानाशिवाय काहीच नको, आणि उजेड बाजूने येत असेल तर उत्तमच कारण मग पानाचा खरखरीतपणा उठून दिसतो. ही फ्रेम एक स्टॉप अंडर ठेवा, म्हणजे उजेड निम्मा (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो). दोन्ही एकत्र आल्या की पानाच्या शिरा कड्यावरून पावसाळ्यात उतरणाऱ्या पाण्यासारख्या दिसतात, मला तर पहिल्यांदा ते स्क्रीनवर बघून अंगावर काटा आला होता. दुसरी फ्रेम शक्यतो त्याच जागेतली घ्या हे माझं ठाम मत आहे, गडावरच्या कड्यात शहरातल्या खिडक्या घातल्या की फोटो उपरा वाटतो.

कॅमेऱ्यात मल्टिपल एक्सपोजरचा मेनू असेल तर ॲडिटिव्ह (दोन्ही फ्रेमचा उजेड मिळवणारा) किंवा ब्राइट (दोन्हींतलं जास्त उजळ ते ठेवणारा) मोड लावा. ॲव्हरेज म्हणजे सरासरी काढणाऱ्या मोडमध्ये पांढऱ्या आभाळातही पान अर्धवट दिसत राहतं. आणि एकाच दृश्याच्या चार फ्रेम ॲडिटिव्हवर घ्यायच्या असतील (वाऱ्यातलं गवत असं फार सुंदर येतं) तर प्रत्येक फ्रेम दोन स्टॉप कमी. मोबाइलवाल्यांनी स्नॅपसीड या फोटो एडिटिंग ॲपमध्ये डबल एक्सपोजर घेऊन लायटन मोड लावून बघा, काम होतं.

कोणी म्हणेल ही फसवणूक आहे, तर त्यांना सांगा की गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने 1850 च्या दशकातच समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्यावरून घेऊन एकच प्रिंट केली होती, कारण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर आभाळ पार पांढरं पडायचं.

आता प्रिंट. इथे मी हात पोळून घेतलेत, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं आणि लॅबमधून सगळे कडे काळेकुट्ट आले, पानाची एक शीर दिसेना. म्हणून ब्राइटनेस निम्म्यावर आणा, मग एडिट करा, आणि आधी छोटी टेस्ट प्रिंट काढा. 24 मेगापिक्सेलची फाइल 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) साधारण 20 बाय 13 इंच जाते. पेपर मॅटच घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि थर मरतात.

लावताना फोटोचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवा आणि दोन फोटोंत भरपूर मोकळी भिंत सोडा. लाइट वरून तिरका मारा, मग फ्रेमसमोर स्वतः उभं राहून बघा, काचेत आपला चेहरा दिसत असेल तर लाइट अजून थोडा सरकवा.